मॅस्टोडॉन, ब्लूस्काय की नॉस्टर: आधी बिऱ्हाड कसे हलते ते पाहा

तुमचा प्रश्न मी असा समजलो. पाटण, जावळी आणि शिराळा तालुक्यांतले तुम्ही २२ जण रोज सकाळी साडेआठला घरच्या पर्जन्यमापकातला पाऊस मोजता. आकडा, ढगांचा एखादा फोटो आणि दोन ओळी असे सगळे एका मोठ्या नेटवर्कवरच्या सामायिक खात्यावरून टाकत होता. गेल्या जुलैत ते खाते ‘यंत्रवत वापर’ असे कारण दाखवून गोठवले गेले. चार पावसाळ्यांच्या नोंदी आत अडकल्या आणि अर्जाला उत्तर आलेले नाही. आता विकेंद्रित, म्हणजे एकाच कंपनीच्या मर्जीवर न चालणाऱ्या, सोशल नेटवर्कवर जायचे म्हणता, त्यासाठी मॅस्टोडॉन, ब्लूस्काय आणि नॉस्टर यांच्या सोयींचा तुलनात्मक तक्ता हवा आहे.

तक्ता मी देत नाही, त्याचे कारण सांगतो. अक्षरमर्यादा किती, फोटो किती, व्हिडिओ केवढा हे रकाने दर सहा महिन्यांनी बदलतात. शिवाय आधीच्या ठिकाणी तुम्हाला सोयींची कमतरता नव्हतीच. दार बंद झाले तेव्हा बरोबर काही नेता आले नाही, हे तुमचे खरे दुखणे आहे. म्हणून तुलना करायची ती बिऱ्हाड हलवायची वेळ आली तर काय उचलता येते याची. उचलायच्या गोष्टी तीन: तुमचे नाव, तुम्हाला फॉलो करणारी माणसे, आणि लिहिलेला मजकूर. या तिन्ही वेगवेगळ्या हलतात, आणि सगळ्या जाहिराती त्यांना एकाच ‘पोर्टेबिलिटी’च्या पोत्यात भरतात.

माझा अनुभव कुठला, तेही सांगतो. ऑक्टोबर २०१९ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा भारतातून बरेच जण मॅस्टोडॉनवर गेले. त्या लाटेत मीही गेलो. पुढच्या वर्षी पुण्यात चाळीसेक मित्रमंडळींसाठी एक मॅस्टोडॉन सर्व्हर उभारला, तो आजही चालवतो. ब्लूस्कायसाठीही माझा स्वतःचा डेटा सर्व्हर आहे. नॉस्टर मी वर्षभर रोज वापरले, आता अधूनमधून.

मॅस्टोडॉनपासून सुरुवात करू. जर्मनीत ऑयगेन रोख्को यांनी ते २०१६ मध्ये सुरू केले. त्याची रचना ईमेलसारखी: तुमचे खाते एखाद्या सर्व्हरवर असते, सर्व्हर एकमेकांशी ॲक्टिव्हिटीपब या भाषेत बोलतात, आणि तुमच्या नावातच सर्व्हरचे नाव असते. बिऱ्हाड हलवायला सेटिंगमध्ये सोय आहे. नव्या सर्व्हरवर खाते काढायचे, जुन्या खात्याला ‘तिकडे गेलो’ असे सांगायचे, की फॉलोअर आपोआप नव्या खात्याकडे वळतात. तुम्ही ज्यांना फॉलो करता त्यांची यादी फाइलमध्ये उतरवून नव्या ठिकाणी चढवता येते. मजकूर मात्र जात नाही. जुन्या पोस्टची फोटोंसकट प्रत दर सात दिवसांनी मागून घेता येते, पण ती नव्या खात्यात भरता येत नाही. ती आपल्या संगणकात राहते.

यात एक बारीक अट आहे आणि तुमच्यासाठी तीच मोठी आहे. ‘तिकडे गेलो’ हा निरोप जुना सर्व्हरच सगळ्यांना पाठवतो. म्हणजे तो जिवंत हवा आणि तुमच्याशी भांडलेला नको. मोझिलाने आपला मॅस्टोडॉन सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला, पण काही महिने आधी सांगून, त्यामुळे लोकांना निघायला सवड मिळाली. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विअर डॉट एएफ हा सर्व्हर एका दिवसात नाहीसा झाला, कारण त्याचे डोमेन (इंटरनेटवरचा पत्ता) अफगाणिस्तानचे होते आणि तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते काढून घेतले. सर्व्हरचे यंत्र धडधाकट होते, पत्ताच गेला. म्हणून मॅस्टोडॉनवर कुणाच्या दारात राहायचे हा निर्णय ॲपच्या निवडीपेक्षा मोठा आहे. चालवणारा कोण, किती वर्षे चालवतोय, खर्च कुठून येतो, त्याच्यामागे दुसरा माणूस आहे का, हे विचारल्याशिवाय खाते काढू नका.

हे मी फक्त दुसऱ्यांबद्दल म्हणत नाही. मला एका पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि मी बारा दिवस रुग्णालयात होतो. तेवढ्यात आमच्या सर्व्हरची डिस्क भरली. आपल्या सभासदांच्या फोटोंनी ती भरत नाही. सभासद ज्या बाहेरच्या लोकांना फॉलो करतात त्यांचे फोटोही सर्व्हर साठवून ठेवतो, आणि ते कितीतरी पट जास्त असतात. ते ठरावीक मुदतीने साफ करण्याची आज्ञा मी लावली नव्हती. सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे पासवर्ड, माझ्या एकट्याकडे. चाळीस जणांची खाती आठवडाभर मुकी राहिली, आणि त्यात एका सभासदाच्या घरी मृत्यू झाला होता, त्यांना कुणालाच कळवता आले नाही. ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून किल्ल्या तिघांकडे आहेत, आणि सर्व्हर पुन्हा कसा उभा करायचा ते कागदावर मराठीत लिहून ठेवले आहे.

आता ब्लूस्काय. ट्विटरमध्येच २०१९ साली जॅक डॉर्सी यांनी जाहीर केलेला हा प्रकल्प पुढे वेगळी कंपनी झाला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निमंत्रणाशिवाय सर्वांना खुला झाला. याची रचना मुळात वेगळी आहे. इथे प्रत्येक खात्याला एक कायमचा ओळखक्रमांक मिळतो. तुमचे दिसणारे नाव आणि डेटा ठेवायची जागा, दोन्ही त्या क्रमांकाला जोडलेल्या असतात आणि दोन्ही बदलता येतात. आधार क्रमांक तोच राहतो, राहता पत्ता बदलतो, तसे. त्यामुळे डेटा एका सर्व्हरवरून दुसरीकडे नेला तर नाव, माणसे आणि मजकूर, तिन्ही बरोबर येतात. मी स्वतः तसे हलवले आहे. फॉलो करणाऱ्या एकालाही पत्ता लागला नाही, जुन्या पोस्टच्या लिंकही चालू राहिल्या. मॅस्टोडॉनवर इतकी वर्षे काढल्यावर ते पाहताना मला मनापासून आनंद झाला होता.

पण ही कागदावरची ताकद आणि रोजचा व्यवहार यांत अंतर आहे. बहुसंख्य खाती आज कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, आणि खाते हलवायला लागणारी किल्लीही (पासवर्डसारखा एक लांबलचक गुप्त संकेत) साधारणपणे कंपनीकडेच असते. कंपनी सहकार्य करत असेल तर हलणे सोपे. ती रुसली असेल तर तुम्ही आधीच स्वतःची किल्ली खात्याला जोडलेली हवी, आणि डेटाची प्रत हाताशी हवी. प्रत सेटिंगमधून मिळते, पण त्या फाइलमध्ये फोटो नसतात, ते वेगळे उतरवावे लागतात. स्वतःची किल्ली जोडण्याचे काम तुमच्यातल्या कुणीतरी एकदा बसून शिकावे लागेल.

नावाच्या बाबतीत मात्र ब्लूस्कायने सामान्य माणसाला दिलेली सोय मला फार मोलाची वाटते. तुमच्या मालकीचे डोमेन असेल तर त्याच्या नोंदींत एक ओळ टाकली की तेच तुमचे नाव होते. एकाच डोमेनखाली २२ नावे काढता येतात: पाटणचे एक, हेळवाकचे एक, मेढ्याचे एक. डेटा कंपनीकडेच राहिला तरी नाव तुमचे. मॅस्टोडॉनवर स्वतःचे डोमेन हवे तर सर्व्हरही स्वतःचा उभारावा लागतो किंवा भाड्याने चालवून घ्यावा लागतो. दोन्हीकडे हे नाव रोमन लिपीत असते. त्याच्यावर दिसणारे ठळक नाव देवनागरीत लिहिता येते.

नॉस्टरबद्दल थोडक्यात. फियाटजाफ या टोपणनावाच्या विकासकाने ते २०२० मध्ये सुरू केले. खाते म्हणजे किल्ल्यांची एक जोडी, एक जगजाहीर आणि एक गुप्त. पोस्ट गुप्त किल्लीने सही होऊन रिले नावाच्या अनेक सर्व्हरवर जाते. एका रिलेने हाकलले तर दुसरा. कुणीही तुमचे नाव गोठवू शकत नाही, आणि तत्त्व म्हणून मला ते आवडते. पण गुप्त किल्ली हरवली की खाते गेले, ‘पासवर्ड विसरलात का’ असे बटणच नाही. ती दुसऱ्याच्या हाती लागली तर रद्द करायची सोय नाही. जुनी पोस्ट रिलेने जपून ठेवावी असे बंधनही नाही. माझ्या पाच मित्रांनी माझ्याबरोबर सुरुवात केली, त्यातल्या दोघांच्या किल्ल्या फोन बदलताना गेल्या. २२ जण, पावसाळ्यात भिजणारे फोन आणि बदलणारी सिमकार्डे असताना मी हे सुचवणार नाही.

इथपर्यंतचे एकत्र बघा: मॅस्टोडॉनवर माणसे हलतात, नाव बदलते, मजकूर मागे राहतो. ब्लूस्कायवर तिन्ही हलतात, पण किल्लीची तजवीज आधी करावी लागते. नॉस्टरवर सगळे तुमच्या खिशात, आणि खिसा फाटला तर काहीच नाही.

आता तुमच्या रोजच्या कामाकडे येतो, कारण पावसाच्या नोंदीला काही खास गरजा आहेत. पहिली म्हणजे दुरुस्ती. सकाळच्या घाईत कुणीतरी ११.२ मिलिमीटरच्या जागी ११२ लिहिणारच. मॅस्टोडॉनवर पोस्ट दुरुस्त करता येते आणि आधी काय लिहिले होते तेही कुणालाही पाहता येते. नोंदवहीसाठी याहून चांगली रीत नाही. ब्लूस्कायवर पोस्ट बदलण्याची सोय नाही. पुसून पुन्हा टाकता येते, पण मग लिंक बदलते आणि खालची उत्तरे पोरकी होतात. तिथे माझा सल्ला असा, की चुकीची पोस्ट तशीच ठेवावी आणि तिलाच उत्तर म्हणून ‘दुरुस्ती’ या शब्दाने सुरू होणारी पोस्ट टाकावी. सगळ्यांनी एकच शब्द वापरावा.

दुसरी गरज, सगळ्या नोंदी एका जागी दिसणे. तुम्ही हॅशटॅग वापरायचे म्हणता. मॅस्टोडॉनवर हॅशटॅग फॉलो करता येतो, पण नवख्यांना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिथे प्रत्येक सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत पोचलेल्या पोस्ट दिसतात. तुम्ही २२ जण सहा-सात सर्व्हरवर विखुरलात आणि एखाद्याला दुसऱ्या सर्व्हरवरून कुणीच फॉलो करत नसेल, तर त्याचा पाऊस तिथे दिसणारच नाही. कऱ्हाडचा पत्रकार त्याच्या सर्व्हरवर तोच हॅशटॅग उघडेल तेव्हा त्याला २२ पैकी नऊच नोंदी दिसतील, आणि बाकीच्यांनी मोजलेच नाही असे त्याला वाटेल. उपाय दोन: सगळ्यांनी एकाच सर्व्हरवर राहावे, किंवा सगळ्यांनी सगळ्यांना फॉलो करावे. दुसरा उपाय गटापुरता चालतो, बाहेरच्या वाचकाला त्याचा उपयोग नाही.

ब्लूस्कायवर रिले नावाचा भाग सगळीकडच्या पोस्ट एका प्रवाहात गोळा करतो (नॉस्टरच्या रिलेशी याचा संबंध नाही, शब्द तेवढा सारखा). त्यामुळे शोध पुरा लागतो. त्याची दुसरी बाजू अशी, की एवढा सगळा प्रवाह साठवून त्यात शोध द्यायला मोठी यंत्रणा लागते आणि ती उभारण्याची ऐपत थोड्यांचीच. तुमच्यासाठी याहून सोपी सोय मात्र तिथे आहे. २२ खात्यांची एक यादी करा. ती यादी कुणीही आपल्या मुखपृष्ठावर टाचून ठेवू शकतो, आणि त्यात तुमच्याच नोंदी दिसतात. कुणी तुमचा हॅशटॅग जाहिरातीसाठी वापरला तरी यादीत घुसत नाही. जून २०२४ पासून तिथे ‘स्टार्टर पॅक’ही आहेत. एका लिंकवर २२ जणांना एकदम फॉलो करता येते. ती लिंक तालुक्यातल्या बातमीदारांना, कृषी सहायकांना पाठवा.

तिसरी गरज मराठीची. मॅस्टोडॉनची नेहमीची मर्यादा ५०० अक्षरांची, ब्लूस्कायची ३००. हे ऐकून घाबरू नका, कारण मोजण्याची रीत वेगळी आहे. एक्सवर काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजली जाते, म्हणून ‘मराठी’ हा शब्द तिथे पाच. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय अक्षर जसे दिसते तसे मोजतात, म्हणून इथे तीन. तुमच्या दोन ओळींना ३०० पुरेत. पोस्ट लिहिताना भाषा म्हणून मराठी निवडायला मात्र विसरू नका. लिपी एकच असल्याने यंत्र आपले मराठी हिंदीत टाकते, आणि भाषेनुसार गाळून वाचणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

आणि ज्या कारणाने तुमचे खाते गोठले, त्याबद्दल. मॅस्टोडॉनच्या प्रोफाइलमध्ये ‘हे स्वयंचलित खाते आहे’ अशी खूण करता येते. प्रोग्राम लावून पोस्ट टाकणे मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय दोन्हीकडे चालते, त्याला पैसे पडत नाहीत. तरी मॅस्टोडॉनच्या प्रत्येक सर्व्हरचे नियम निराळे असतात, ते आधी वाचा. खासगी निरोपांसाठी मात्र दोन्हींवर विसंबू नका. मॅस्टोडॉनवरचा खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येण्याजोगा असतो, आणि त्यात तिसऱ्या कुणाचा उल्लेख त्याच्या खातेनावाने केला तर तो निरोप त्यालाही जातो. आपापसातले बोलणे जिथे आज चालते तिथेच चालू द्या.

मग मी काय करीन? हे एका गोष्टीवर ठरते आणि ती तुम्ही लिहिलेली नाही: सर्व्हर सांभाळू शकणारे दोघे तुमच्यात आहेत का? एक नव्हे, दोघे. असतील तर स्वतःच्या डोमेनवर लहानसा सर्व्हर उभारा. मॅस्टोडॉन स्वतः बऱ्यापैकी जड आहे. गोटूसोशल नावाचे हलके सॉफ्टवेअर तीच भाषा बोलते, एक जीबीपेक्षा कमी मेमरीत भागते आणि त्याची नेहमीची मर्यादा ५००० अक्षरांची आहे. सगळे एकाच सर्व्हरवर असल्याने वरची हॅशटॅगची अडचण तुमच्यापुरती उरत नाही. भारतात असा सर्व्हर चालवणारा कायद्याने मध्यस्थ ठरतो, म्हणून २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे तक्रार घेणाऱ्याचे नाव आणि संपर्क सर्व्हरवर जाहीर करा.

असे दोघे नसतील, आणि तुमच्या लिहिण्यावरून नसावेत असे वाटते, तर मी तुम्हाला ब्लूस्कायवर पाठवीन. मॅस्टोडॉनवर माझा जीव आहे, तरी हेच सांगेन. एकाच सामायिक खात्याऐवजी २२ खाती काढा, म्हणजे एकाचे अडले तर २१ चालू राहतील. डोमेन घ्या, वर्षाला हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. ते एका माणसाच्या नावावर असले तरी नूतनीकरणाची तारीख तिघांच्या फोनमध्ये असू द्या. ब्रिजी फेड नावाचा एक पूल आहे. त्याच्या खात्याला फॉलो केले की तुमच्या ब्लूस्काय पोस्ट मॅस्टोडॉनवरच्या वाचकांनाही फॉलो करता येतात. हाच पूल उलट दिशेने वापरलात तर लक्षात ठेवा, मॅस्टोडॉनवर दुरुस्त केलेला आकडा ब्लूस्कायवर जुनाच राहतो, आणि ३०० पलीकडचा मजकूर तुटून मूळ पोस्टची लिंक येते.

आणि हे सगळे करण्याआधी एक साधी गोष्ट. तारीख, गाव, मिलिमीटर आणि शेरा अशी चार रकान्यांची शीट तुमच्याकडे हवी. रोजची नोंद आधी तिथे, मग पोस्ट. महाराष्ट्राच्या वाचकांनी ऑर्कुट २०१४ मध्ये जाताना पाहिले, भारतीय भाषांसाठी काढलेले कू जुलै २०२४ मध्ये बंद झालेले पाहिले. नेटवर्क लोकांपर्यंत पोचायला आहे. चार पावसाळ्यांचा साठा ठेवायची जागा ती नव्हे, विकेंद्रित असले तरी. ब्लूस्कायच्या डेटाची प्रत दर रविवारी एकाने उतरवावी, आणि फोटो ज्याचे त्याने फोनमधून काढून एका ठिकाणी जमा करावेत.

गोठलेल्या खात्यातल्या नोंदींसाठीही अजून वाट आहे. २२ जणांच्या फोनमध्ये मूळ फोटो असतील, त्यांवर तारीख-वेळ असते, आणि कुणी ढगांबरोबर पर्जन्यमापकाचाही फोटो काढला असेल तर त्यात पातळी दिसेल. गटात पाठवलेले आकडे व्हॉट्सॲपच्या ‘चॅट एक्स्पोर्ट’मधून मजकूर म्हणून बाहेर काढता येतात. ती फाइल आणि रिकामी शीट घेऊन दोघे जण एक रविवार बसलात तर बराचसा साठा परत उभा राहील. ते काम मे महिन्यातच उरकून घ्या, आणि जूनच्या आधी आठवडाभर शून्य मिलिमीटरच्या नोंदी टाकून २२ खाती तपासून बघा. कुणाचे अडले तर ॲपचे नाव, फोनचे मॉडेल आणि पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा इथे लिहा, मी बघतो.